यकृतात गाठ दिसली, पण दुखणे हृदयाचे असेल तर? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. लहानपणी तिला सांधे सुजून ताप येत असे आणि त्यातूनच पुढे तिच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. २००४ साली शस्त्रक्रिया करून धातूची झडप बसवली आणि तेव्हापासून रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे कार्य होते. प्रवासात सारखे लघवीला जावे लागते म्हणून तिने लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनानेच बंद केली आणि हे आम्हाला फार उशिरा कळले. महिन्याभरात तिचे पोट फुगले, पायांवर सूज आली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, जेवण दोन घासांवर आले आणि डोळ्यांत पिवळसर झाक दिसू लागली. तालुक्याच्या गावी केलेल्या सोनोग्राफीत यकृत १७.८ सेंटिमीटर, उजव्या भागात २.६ सेंटिमीटरची गाठ आणि पोटात पाणी असल्याचे आढळले. अहवालाच्या शेवटी ‘कर्करोगाची शक्यता तपासावी’ असे लिहिले होते. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये आणखी दोन लहान गाठी दिसल्या. काविळीचे प्रमाण दाखवणारे बिलिरुबिन २.६, यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारी एएफपी ५.४ आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा, एरवी ३ च्या आसपास असणारा आयएनआर ४.९ आला आहे. एका डॉक्टरांनी यकृताचा कर्करोग पसरल्याचे सांगितले, तर दुसरे म्हणाले की हे सगळे हृदयामुळे आहे. मामांचे म्हणणे मुंबईला न्या, आत्यांचे म्हणणे कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या. आम्ही बायोप्सी करून घ्यावी का? आईला अजून काहीच सांगितलेले नाही. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आयएनआरविषयी आपल्याला फोनवर कळवलेच आहे, कारण ती गोष्ट अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही आणि ते मी करणारही नाही. मात्र आपण पाठवलेले कागद क्रमाने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे आधी तड लावून तपासले पाहिजे आणि ते होईपर्यंत ‘कर्करोग’ हा शब्द कोणत्याही कागदावर निश्चित निदान म्हणून उतरू देऊ नये.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले रोहिणीतून. हे सारे रक्त यकृतातून फिरून तीन मोठ्या शिरांवाटे बाहेर पडते, त्या शिरा खालच्या महाशिरेला मिळतात आणि तिथून हृदयाचा उजवा कप्पा अगदी बोटा-दोन बोटांच्या अंतरावर असतो. या वाटेत रक्त मागे जाण्यापासून अडवील अशी झडप नाही. त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढला की तो थेट यकृतावर येतो. ज्यांची मायट्रल झडप अशा तापातून खराब झालेली असते, त्यांच्यात ती बदलल्यानंतर दहा-वीस वर्षांनी उजवीकडची ट्रायकस्पिड झडप गळू लागणे ही हृदयविकारतज्ज्ञांना चांगली परिचित असलेली गोष्ट आहे. लघवीची गोळी चालू असेपर्यंत शरीर तो भार सांभाळून घेते. गोळी बंद झाली, त्यातच कार्याच्या घरचे जेवण, पापड-लोणची आणि प्रवास यांची भर पडली, की साठलेले पाणी महिन्याभरात पाय, पोट आणि यकृत तिन्ही ठिकाणी दिसू लागते. आपण पत्रात सांगितलेला क्रम नेमका हाच आहे. उजव्या बरगडीखालचे दुखणेही त्यातलेच : यकृतावरचे पातळ आवरण एकाएकी ताणले गेले की दुखते आणि जठरावर दाब आल्याने दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते.

असे यकृत कापून पाहिले तर आतला भाग कापलेल्या जायफळासारखा दिसतो, फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर गडद तांबडे ठिपके आणि रेघा, आणि म्हणूनच विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत या अवस्थेचे नाव जायफळावरूनच पडले आहे. ते गडद ठिपके म्हणजे यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म खंडाचा मधला भाग. रक्त बाहेर जाण्याची वाट तिथेच सुरू होत असल्यामुळे तुंबणेही तिथूनच सुरू होते. मधल्या पेशी दाबाने आणि प्राणवायू कमी पडल्याने सुकतात, कडेच्या पेशी मात्र शाबूत राहतात. पूर्ण यकृतभर ही स्थिती एकसारखी नसते. कुठे रक्त जास्त साठते, कुठे सूज असते, कुठे चरबी साठते, आणि सोनोग्राफीच्या करड्या चित्रात असा एखादा पट्टा शेजारच्या भागापेक्षा वेगळा दिसला की गाठीसारखा भासतो. अनेक अहवालांत त्याला ‘एसओएल’ म्हणतात. जागा व्यापणारे काहीतरी दिसले, एवढाच त्याचा अर्थ. ते काय आहे, हे त्यातून कळत नाही.

आता आपल्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीकडे पाहा. डॉक्टरांनी तिच्यावर ‘पोटदुखी, कावीळ’ इतकेच लिहिले आहे. झडपेचा, शस्त्रक्रियेचा किंवा पायांवरच्या सुजेचा उल्लेख नाही. सोनोग्राफी करणाऱ्याला ही माहिती असती तर त्याने यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांची रुंदी मोजली असती, महाशीर दोन सेंटिमीटरपेक्षा फुगलेली आहे का आणि श्वास आत घेताना ती निम्म्याने तरी आकसते का हे पाहिले असते, आणि डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून पोर्टल शिरेतला प्रवाह संथ सलग आहे की हृदयाच्या ठोक्यासरशी उसळतो आहे हेही नोंदवले असते. पुन्हा सोनोग्राफी होईल तेव्हा आईंची शस्त्रक्रियेची फाइल सोबत न्या आणि हे तीन मुद्दे अहवालात लिहून देण्याची विनंती करा. आपल्याकडे चिठ्ठी दोन शब्दांत उरकण्याची जी सवय पडली आहे, तिच्यापायी असे घोटाळे जितके होतात तितके यंत्रातल्या दोषाने होत नाहीत, असे माझे मत आहे.

सीटी स्कॅनमुळे शंका संपेल अशी आपली अपेक्षा असणार, पण हृदय मंदावलेल्या रुग्णात सीटी वाचणेही अवघड असते. हाताच्या शिरेतून दिलेले औषध ठरावीक सेकंदांनी यकृतात पोचेल असे गृहीत धरून छायाचित्रे घेतली जातात. हृदयच संथ असेल तर ते औषध उशिरा पोचते, यकृत डागाळलेले, ठिकठिकाणी उजळ आणि ठिकठिकाणी काळपट दिसते, आणि घाईत वाचणाऱ्याला ते पसरलेल्या रोगासारखे वाटू शकते. आपल्या अहवालातल्या एका वाक्याकडे मात्र दोन्ही डॉक्टरांचे लक्ष वेधा : पहिल्याच टप्प्यात औषध हृदयाकडून उलटे महाशिरेत आणि यकृताच्या शिरांत उतरल्याचे त्यात नोंदलेले आहे. उजव्या बाजूचा दाब वाढल्याची किंवा ट्रायकस्पिड झडप गळत असल्याची ती मोठी खूण असते, आणि अहवालाच्या निष्कर्षात तिचा मागमूसही नाही.

दोन लहान गाठींचे काय, हा रास्त प्रश्न आहे. यकृतात वर्षानुवर्षे रक्त तुंबले की काही भागांना पोर्टल शिरेचे रक्त कमी मिळते, त्या भागात रोहिणीचा पुरवठा वाढतो आणि तिथल्या पेशी नव्याने वाढून छोट्या गाठी तयार होतात. या गाठी कर्करोगाच्या नसतात, पण रोहिणीचे रक्त भरपूर मिळत असल्याने सीटीच्या पहिल्या टप्प्यात त्या कर्करोगाप्रमाणेच उजळतात. पुढच्या टप्प्यात आजूबाजूचे तुंबलेले यकृत औषध धरून ठेवते आणि त्यामानाने गाठ काळपट दिसते. पहिल्यांदा उजळणे आणि मग काळपट होणे ही जोडी म्हणजे यकृताच्या कर्करोगाची ओळख मानली जाते. सिरोसिस (यकृतात तंतू वाढून ते कडक होण्याचा आजार) किंवा जुना हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात ही जोडी स्पष्ट दिसली तर बायोप्सीशिवायही निदान करतात. परंतु हा नियम ज्या यकृतांसाठी तयार झाला, त्यात हृदयामुळे तुंबलेले यकृत मोडत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०११ पासून प्रचारात आलेली वर्गीकरणाची पद्धत रक्तवाहिन्यांच्या विकारांनी आणि हृदयाच्या तुंबण्याने बिघडलेल्या यकृताला वापरू नये, असे तिच्यातच म्हटलेले आहे. आपल्या अहवालात त्याच पद्धतीचा आकडा टाकलेला आहे, आणि पहिल्या डॉक्टरांचा निष्कर्ष बहुधा त्याच आकड्यावर उभा असावा.

छातीच्या बाबतीतही असेच घडते, हे जाता जाता सांगतो. हृदय अशक्त झाल्यावर फुप्फुसाच्या दोन खंडांमधल्या फटीत पाणी साठले, तर एक्स-रेमध्ये ते गोल, काठ नीट असलेल्या गाठीसारखे दिसते. लघवीच्या औषधाने आठवड्याभरात ते नाहीसे झाल्यावर ती गाठ नव्हती हे कळते. अशा सावल्यांना ‘नाहीशा होणाऱ्या गाठी’ असेच म्हणतात.

रक्ताचे आकडेही हृदयाच्याच बाजूने बोलतात. केवळ रक्त तुंबल्यामुळे झालेल्या काविळीत बिलिरुबिन बहुधा ३ च्या आतच राहते, आईंचे २.६ आहे. आयएनआर वाढण्याचे कारणही निराळे शोधायला नको. गोळीची मात्रा तीच असताना यकृताचे काम मंदावले की रक्त गोठवणारे घटक कमी तयार होतात, गोळीही शरीरात जास्त काळ रेंगाळते, आणि जेवण घटल्यामुळे जीवनसत्त्व ‘के’ कमी पडते. हिरड्यांतून रक्त, काळी शौचास किंवा एकाएकी डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. गोळी मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका, कारण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसणे त्याहून घातक ठरू शकते. मात्रा किती कमी करायची आणि आयएनआर पुन्हा कधी पाहायचा, हे हृदयविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे.

हे सर्व पाहता आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे, की आज बायोप्सी करू नये. फुगलेले यकृत, पोटात पाणी आणि ४.९ चा आयएनआर अशा स्थितीत पोटावरून सुई घालणे म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. मानेच्या शिरेतून नळी घालून यकृताचा तुकडा काढता येतो, त्यात यकृताच्या आवरणाला बाहेरून छिद्र पडत नाही आणि त्याच वेळी शिरांमधला दाबही मोजता येतो. पण तो तुकडा यकृताचा असतो, नेमक्या त्या गाठीचा नसतो. त्यामुळे गाठ कशाची, याचे उत्तर त्यातून मिळतेच असे नाही. पुढे कधी गाठीचीच बायोप्सी करावी लागली, तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवून मधल्या काळात हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन देण्याची व्यवस्था रुग्णालयात दाखल होऊनच करावी लागेल.

आधी करायचे ते वेगळे आहे. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून उजव्या बाजूचा दाब, ट्रायकस्पिड झडपेची गळती आणि बसवलेल्या झडपेचे काम तपासून घ्यावे. झडपच अडखळत असेल तर उपचाराची दिशा बदलते. तपासणाऱ्या डॉक्टरांना आईंना अर्धवट टेकून बसवून मानेची शीर पाहायला सांगा. अशा स्थितीत ती कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली दिसली आणि पोटावर दहा-पंधरा सेकंद तळहात दाबल्यावर आणखी वर चढून तिथेच राहिली, तर त्या एका निरीक्षणाने महागड्या तपासण्यांइतके समजते. गळती मोठी असेल तर बरगडीखाली हात ठेवल्यावर यकृतच ठोक्याबरोबर उचलले जाताना जाणवते. त्यानंतर लघवीची औषधे योग्य मात्रेत, सुरुवातीला शक्यतो रुग्णालयात शिरेतून, मीठ अगदी कमी, पाण्याचे प्रमाण डॉक्टर सांगतील तितके आणि रोज सकाळी लघवी झाल्यावर न्याहारीपूर्वी एकाच काट्यावर वजन. वजन उतरत गेले, पोट मऊ झाले, बिलिरुबिन आणि आयएनआर खाली आले, तर काही आठवड्यांनी त्याच केंद्रात सोनोग्राफी पुन्हा करावी. २.६ सेंटिमीटरचा तो भाग केवळ तुंबल्यामुळे वेगळा दिसत असेल तर तो विरळ होईल किंवा दिसेनासा होईल.

दोन लहान गाठी मात्र नाहीशा होतीलच असे नाही. पेशी वाढून झालेल्या गाठी तशाच राहू शकतात, आणि त्या राहिल्या म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी पाणी उतरल्यावर यकृतपेशींत शोषले जाणारे औषध देऊन एमआरआय करणे चांगले. अशा गाठी शेवटच्या टप्प्यात बहुधा ते औषध धरून ठेवतात, कर्करोगाची गाठ बहुधा धरत नाही. धातूची झडप आहे म्हणून एमआरआय होत नाही, असे आपल्याला कुणी सांगेल. आज वापरात असलेल्या जवळजवळ सर्व कृत्रिम झडपा एमआरआयला चालतात. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेले झडपेचे कार्ड दाखवले की तिथले तंत्रज्ञ खात्री करून घेतील. पेसमेकर असता तर गोष्ट वेगळी होती.

इथवर वाचून कर्करोगाची शक्यता निकालात निघाली असे समजू नका. वर्षानुवर्षे तुंबून ज्या यकृतात तंतू वाढले, त्यात खरा कर्करोगही होऊ शकतो, आणि एएफपी ५.४ आहे म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण लहान गाठींत ती बऱ्याचदा वाढत नाही. शिवाय २००४ च्या शस्त्रक्रियेत रक्त चढवले गेले असेल. हेपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींच्या तपासण्या आपल्या कागदांत मला आढळल्या नाहीत. त्या आधी करून घ्या, कारण त्यांतली एक जरी सकारात्मक आली तरी गाठींकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल. एमआरआयनंतर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा चित्र घेऊन गाठींचा आकार ताडून पाहावा. सहा महिन्यांच्या आत एखादी गाठ दीडपट झाली, पोर्टल शिरेत गुठळी दिसली किंवा एएफपी चढत गेली, तर मग बायोप्सीला टाळाटाळ करू नये. मुंबईला जाण्याला माझा विरोध नाही. पण आधी पाणी उतरवा आणि जिथे हृदयाचे व यकृताचे तज्ज्ञ एकाच छताखाली बसतात, अशा ठिकाणी जा. केवळ कर्करोगाच्या रुग्णालयात गेल्यास रांगेत महिना जाईल आणि हृदय तसेच तुंबलेले राहील.

आत्यांचा सल्ला मनापासूनचा असला तरी मानू नये. काविळीवर म्हणून दिल्या जाणाऱ्या काढ्या-पुड्यांत काय असते ते देणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही, त्यांतल्या काही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवतात किंवा मोडून काढतात, आणि ‘कावीळ आहे, तूप-तेल बंद, उसाचा रस भरपूर’ या प्रचलित पथ्याने हृदय तुंबलेल्या माणसाच्या शरीरात पाणीच वाढते. औषधाच्या दुकानात मिळणारी यकृताची टॉनिकेही इथे निरुपयोगी आहेत.

राहिला आईंना सांगण्याचा प्रश्न. त्यांना आज जे खरे ठरले आहे तेवढे सांगा : लघवीची गोळी थांबल्याने हृदयावर भार आला, त्यामुळे यकृत सुजले, आणि यकृतात दिसलेल्या डागांची तपासणी चालू आहे. ज्यांनी वीस वर्षे गोळ्या सांभाळल्या, त्यांना इतके समजणार नाही असे मानणे बरोबर नाही. शिवाय गोळी का बंद केली हे त्या मोकळेपणाने सांगतील तर पुढच्या प्रवासाची सोय लावता येईल. प्रवासाच्या दिवशी ती गोळी सकाळऐवजी पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. बहुतेक वेळा ते परवानगी देतात.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ४६. आयुष्यात कधी दारूला शिवलेले नाहीत, तरी दोन वर्षे त्यांच्यावर सिरोसिसचे उपचार चालू होते आणि पोटातले पाणी अनेकदा काढावे लागले. आता नव्या डॉक्टरांनी हृदयाभोवतीचे आवरण घट्ट झाल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्यांना कॉलेजात असताना फुप्फुसाच्या आवरणाचा क्षयरोग झाला होता. यकृत खराब असताना हृदयाची शस्त्रक्रिया करावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हृदयाचे आवरण, म्हणजे पेरिकार्डियम, जाड आणि कडक झाले की हृदयाला रक्त भरून घेण्यासाठी सैल व्हायलाच वाव उरत नाही आणि तुंबारा यकृतावर येतो. पायांच्या मानाने पोट लवकर आणि जास्त फुगते, म्हणून सगळ्यांचे लक्ष यकृताकडे जाते. ही फसगत नवी नाही. प्राग येथील फ्रीडेल पिक यांनी १८९६ मध्येच या आजाराचे ‘खोटा सिरोसिस’ अशा अर्थाच्या नावाने वर्णन केले होते. आपल्या देशात याचे प्रमुख कारण क्षयरोग आहे आणि यजमानांचा जुना इतिहास त्याला जुळतो.

पोटातून काढलेल्या पाण्याचे जुने अहवाल शोधून काढा. नेहमीच्या सिरोसिसमध्ये त्या पाण्यात प्रथिने दर १०० मिलिलिटरला बहुधा २.५ ग्रॅमपेक्षा कमी असतात, हृदयामुळे झालेल्या जलोदरात ती जास्त असतात. हा आकडा दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर असण्याची दाट शक्यता आहे. सीटीमध्ये आवरण जाड दिसले नाही तरी निदान चुकले असे होत नाही, कारण अशा सुमारे पाच रुग्णांपैकी एकाचे आवरण जाडीला साधारणच असते. अशा वेळी एको आणि हृदयात नळी घालून मोजलेले दाब निर्णायक ठरतात.

शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची आहे, हे खरे. पण यकृत ज्यामुळे बिघडले ते कारण दूर करणारा दुसरा उपाय नाही आणि उशीर झाला तर तुंबलेल्या यकृतात कायमचे तंतू तयार होतात, तेव्हा तीच शस्त्रक्रिया अधिक धोक्याची होते. म्हणून ती आधी, पण जिथे हे काम नियमित होते अशाच केंद्रात करावी. क्षयरोग सध्या सक्रिय आहे का ते शस्त्रक्रियेपूर्वी तपासावे आणि काढलेले आवरण क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवले जाईल, याची खात्री करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर पोटातले पाणी लगेच थांबले नाही तर निराश होऊ नका. आक्रसून राहिलेले हृदय मोकळे व्हायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. जन्मतः हृदयाचा एकच कप्पा नीट असल्यामुळे ती पाच वर्षांची असताना तिची फॉन्टन शस्त्रक्रिया झाली. या वर्षीच्या सोनोग्राफीत यकृतात लहान गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांत त्या दिसतातच. मग आम्ही निश्चिंत राहावे का? (एक वाचक, दुबई)

उत्तर : डॉक्टरांचे वाक्य बरोबर आहे, पण निश्चिंत राहू नका. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रांसिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये प्रथम केलेल्या या शस्त्रक्रियेत शरीराकडून परतणारे अशुद्ध रक्त हृदयाच्या पंपाशिवाय थेट फुप्फुसाकडे वळवतात. ते पुढे जावे म्हणून शिरांमधला दाब आयुष्यभर चढाच राहतो, आणि यकृत शस्त्रक्रियेच्या दिवसापासून थोडेफार तुंबलेलेच असते. वर सांगितलेल्या निरुपद्रवी गाठी म्हणूनच या मुलांत वारंवार दिसतात. औषधाने उतरवता येईल अशी ही तुंबण नाही, आणि इथला फरक तोच आहे.

अशा यकृतात, विशेषतः शस्त्रक्रियेला दहा वर्षे उलटल्यावर, खरा कर्करोगही आढळतो, कधी विशीतल्या तरुणांतही. आपल्या मुलीला बारा वर्षे झाली आहेत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, आणि आता गाठी दिसल्याच आहेत म्हणून एकदा एमआरआय करून प्रत्येक गाठीची जागा आणि आकार नोंदवून ठेवणे योग्य होईल, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला आधार राहील. चित्रे शक्यतो एकाच केंद्रात काढावीत आणि सीडी जपून ठेवावी. केवळ छापील अहवाल पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही. हेपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का ते पाहा. एखादी गाठ इतरांपेक्षा वेगाने वाढली, वेगळी दिसू लागली किंवा एएफपी चढली, तर या मुलांत सीटीच्या नेहमीच्या निकषांवर भिस्त न ठेवता नेमक्या त्या गाठीची बायोप्सी करावी लागते. त्या वेळी मुलीचे हृदयविकारतज्ज्ञ चर्चेला हजर असतील, हे आधीच ठरवून ठेवा, कारण भूल देण्यापासून रक्त गोठण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचे गणित फॉन्टन झालेल्या रुग्णात वेगळे असते.